मुलाच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी: ग्रोमेट लगेच बसवावेत की थांबावे?

कृष्णाकाठ (प्रश्न, १५ नोव्हेंबर)

नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असून मोठ्या शिशुवर्गात जातो. जुलैत पावसाने जोर धरल्यापासून त्याची सर्दी पूर्णपणे अशी गेलेलीच नाही. गणपतीच्या सुमारास आमच्या लक्षात आले की तो टीव्हीचा आवाज वाढवून अगदी जवळ जाऊन बसतो आणि मागून हाक मारली तर वळून पाहत नाही. आम्ही त्याला हट्टी समजून दोन-तीनदा रागावलोही, त्याचे आता वाईट वाटते. पुढे शाळेतील बाईंनीही तेच सांगितले, तेव्हा २० सप्टेंबरला आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून पाहून दोन्ही पडद्यांमागे पाणी असल्याचे सांगितले. त्याला ताप नव्हता आणि कान दुखल्याची तक्रार तर त्याने कधीच केलेली नाही.

त्यापूर्वी घराजवळच्या डॉक्टरांनी प्रतिजैविकांचे दोन कोर्स दिले होते आणि सर्दीचे औषधही महिनाभर चालू होते, पण फरक पडला नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. इम्पिडन्स चाचणीत दोन्ही कानांचा आलेख ‘बी’ प्रकारचा आला असून बाह्य कर्णनलिकेचे आकारमान उजवीकडे ०.७ आणि डावीकडे ०.६ मिलिलिटर आहे. ऑडिओमेट्रीत (ऐकू येण्यासाठी आवाज कमीत कमी किती मोठा लागतो याच्या चाचणीत) उजवा कान ३२ आणि डावा २८ डेसिबलवर आहे. हाडावाटे ऐकण्याचे आकडे मात्र दोन्ही बाजूंना ५ ते १० आहेत. डॉक्टरांनी अ‍ॅडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) काढून दोन्ही कानांत ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक कडी) बसवण्याचा सल्ला दिला आहे आणि या महिनाअखेरची तारीखही सुचवली आहे. सासूबाईंना शस्त्रक्रिया अजिबात मान्य नाही. लसूण घालून कडवलेले तेल कोमट करून कानात सोडले की पाणी सुटते, असे त्या म्हणतात. आपण घाई करत आहोत की उशीर, हेच मला कळेनासे झाले आहे. या पाण्यामुळे ऐकणे कायमचे कमी होईल का?

निवृत्त_कर्णवैद्य (उत्तर)

मी तीस वर्षांहून अधिक काळ कान-नाक-घसा शल्यचिकित्सक म्हणून काम केले आहे. मुलाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही, म्हणून मी निर्णयाऐवजी तो कशावर बेततात एवढेच सांगतो.

‘कानात पाणी’ हा शब्दच घोटाळा करतो, कारण ते ऐकून आंघोळीचे किंवा पोहताना शिरलेले पाणी डोळ्यांसमोर येते. हे पाणी बाहेरून येत नाही. पडद्याच्या आत हवेने भरलेली एक चिमुकली पोकळी असते आणि तिला बाहेरच्या हवेशी जोडणारा एकच मार्ग, तो म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूस घशाच्या वरच्या भागात उघडणारी कंठकर्णनलिका. ही नलिका एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. पोकळीचे अस्तर आतील हवा सतत शोषून घेत असते. नलिका वेळोवेळी उघडली तर ही तूट भरून निघते. सर्दीच्या सुजेने किंवा अ‍ॅडिनॉइडमुळे ती उघडेनाशी झाली की आतील दाब घटतो, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. काही आठवड्यांनी तोच द्रव घट्ट होतो. कधी कधी तो डिंकासारखा इतका चिकट असतो की शस्त्रक्रियेत शोषनळीनेही सहजासहजी निघत नाही. मुलांची नलिका मोठ्यांच्या तुलनेत आखूड आणि आडवी असते आणि याच वयात अ‍ॅडिनॉइड सर्वांत मोठे असते, त्यामुळे हा मुख्यतः बालवयाचा आजार आहे. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर बहुतेकांची यातून आपोआप सुटका होते.

आता औषधांविषयी. ताप आणि ठणका नसताना पडद्यामागे द्रव असणे आणि पू होऊन कान दुखणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीत प्रतिजैविकांचा टिकाऊ उपयोग होत नाही. सर्दीच्या गोळ्या, अ‍ॅलर्जीची औषधे, नाक मोकळे करणारे थेंब यांनीही द्रव लवकर ओसरत नाही, हे पुन्हा पुन्हा तपासून झाले आहे. तोंडावाटे स्टेरॉइड देऊन पाहण्याची एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही दखल घेण्याजोगा फायदा दिसला नाही. मुलाला अ‍ॅलर्जीचे नाक असेल तर नाकातील स्टेरॉइडचा फवारा त्या नाकासाठी जरूर द्यावा, मात्र कानासाठी म्हणून नव्हे. आपल्याकडे तरीही चिठ्ठीवर चार औषधे लिहिली जातात. रिकाम्या हाताने परतणे पालकांना आवडत नाही हे त्याचे एक कारण आहे, आणि माझ्या उमेदीच्या वर्षांत मीही तशी औषधे लिहिली आहेत.

तेल घालू नये. पडदा शाबूत असेल तर तेल त्याच्या बाहेरच राहते आणि आतील द्रवापर्यंत पोहोचतच नाही. पडद्याला छिद्र असेल तर ते आत जाऊन संसर्ग होऊ शकतो. शिवाय तेल कोमट आहे की गरम याचा अंदाज चुकून कान भाजलेली मुले मी पाहिली आहेत. सासूबाईंना सांगताना तेल वाईट आहे असे न म्हणता, दार बाहेरून बंद असताना उंबऱ्यावर पाणी ओतून घर धुता येत नाही असे म्हणून पाहा.

थांबण्याविषयी सर्वमान्य नियम असा आहे की धोक्याची इतर कारणे नसतील तर तीन महिने वाट पाहावी. कान दुखून पिकल्यानंतर आत उरलेला द्रव महिनाभराने सुमारे ४० टक्के मुलांत आढळतो, तर तीन महिन्यांनी जेमतेम १० टक्के मुलांत. तुमच्या मुलासारखा नकळत जमलेला द्रव इतक्या झपाट्याने जात नाही; तरीही पहिल्या तीन महिन्यांत बरीच मुले बरी होतात. सुरुवात कधी झाली हे माहीत नसल्यास मोजणी निदानाच्या दिवसापासून करतात, म्हणजे तुमचे तीन महिने २० डिसेंबरला पूर्ण होतील. मात्र तीन महिने उलटूनही द्रव टिकला, तर पुढच्या सहा महिने ते वर्षभरात तो आपोआप जाण्याचे प्रमाण साधारण चौथा ते तिसरा हिस्सा एवढेच उरते. त्या टप्प्यावर दोन्ही कानांनी ऐकणे कमी असेल तर ग्रोमेटचा विचार योग्य ठरतो.

दुभंगलेला टाळू, डाउन सिंड्रोम, बोलण्यात किंवा शिकण्यात आधीच असलेला उशीर, दृष्टिदोष, आधीपासूनची श्रवणहानी, किंवा पडद्यात खोल खड्डा पडून तो आतील हाडांना चिकटू लागणे, यांपैकी काही असेल तर मी वाट पाहत बसलो नसतो.

एक प्रश्न तुम्हाला विचारतो, कारण त्यावर बरेच अवलंबून आहे. मुलगा रात्री तोंड उघडे ठेवून घोरतो का आणि झोपेत त्याचा श्वास मध्येच थांबून मग दचकल्यासारखा परत सुरू होतो का?

श्रवणपट्टी (उत्तर)

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. डॉक्टरांनी उपचारांविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी केवळ अहवालाविषयी लिहिते.

इम्पिडन्स चाचणीत कानाच्या तोंडाशी रबरी बोंडी घट्ट बसवून आतील हवेचा दाब कमी-जास्त करतात आणि पडदा किती हलतो हे २२६ हर्ट्‌झच्या स्वराने मोजतात. सहा महिन्यांखालील बाळांसाठी मात्र १००० हर्ट्‌झचा स्वर वापरावा लागतो, नाहीतर निष्कर्ष फसवा येतो. निरोगी कानाचा आलेख शून्य दाबाजवळ टेकडीसारखा उंच होतो, तो ‘ए’ प्रकार. टेकडी ऋण दाबाकडे सरकली तर ‘सी’. टेकडीच नसून आलेख सपाट असेल तर ‘बी’. डग्ग्यात पाणी भरले तर थाप मारूनही पुडी घुमणार नाही, तसेच काहीसे इथे होते.

पण सपाट आलेख एकट्याने काहीच सिद्ध करत नाही. बोंडी नलिकेच्या भिंतीला टेकली किंवा मळ साचलेला असला तरी आलेख सपाटच येतो, फक्त तेव्हा नलिकेचे आकारमान फार लहान दिसते. पडद्याला छिद्र असले तरीही सपाट येतो, पण तेव्हा पडद्यापलीकडची पोकळीही मोजली जात असल्याने आकारमान बरेच मोठे दिसते. तुमचे ०.७ आणि ०.६ हे आकडे या वयाला साजेसे आहेत, म्हणून हा सपाटपणा द्रवाचाच आहे असे मानता येते. डॉक्टरांनी सीगलचा स्पेक्युलम लावून, म्हणजे रबरी फुगा दाबून पडद्याची हालचाल प्रत्यक्ष पाहिली असेल तर निदान आणखी पक्के होते. ही साधी आणि स्वस्त तपासणी गर्दीच्या दवाखान्यांत अनेकदा टाळली जाते, याची मला नेहमी खंत वाटते.

हाडावाटे ५ ते १० डेसिबल म्हणजे आतील कान आणि श्रवणचेता उत्तम आहेत. हवेवाटे ३२ आणि २८ म्हणजे आवाज वाटेत अडतो आहे. वाट मोकळी झाली की ऐकणे पूर्ववत होते, आणि कायमच्या बहिरेपणाविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. बराच काळ दुर्लक्ष होऊन पडदा खचला तर मात्र गोष्ट वेगळी.

तीस डेसिबल हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, पण वर्गात तो महाग पडतो. आपल्या बोलण्यातील स्वर जोरकस असतात; ‘स’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने मुळातच क्षीण असतात आणि तीच आधी गळतात. ‘साप’ म्हटले की मुलाला नुसते ‘आप’ ऐकू येते आणि पुढचे तो तुमचे ओठ आणि प्रसंग पाहून जुळवतो. म्हणून समोर बसून बोलले की त्याला सगळे कळते आणि पाठमोरे बोलले की कळत नाही. सर्दी वाढली-कमी झाली की ऐकणेही बदलते. त्यामुळे त्याला हवे तेवढेच ऐकू येते असा मोठ्यांचा समज होतो. बाईंना सांगून त्याला पुढच्या बाकावर बसवा, आधी नाव घेऊन त्याचे लक्ष वेधा आणि मगच सूचना द्या, घरी बोलताना टीव्ही बंद ठेवा. थांबायचे ठरले तर नुसते थांबू नका. डिसेंबरच्या अखेरीस दोन्ही चाचण्या पुन्हा करा आणि शक्यतो त्याच केंद्रात करा, म्हणजे तुलना नीट होईल.

थेम्सपार (उत्तर)

मी इंग्लंडमध्ये राहतो. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला हाच त्रास झाला होता आणि इथेही तीन महिने थांबून दुसऱ्यांदा श्रवणचाचणी करण्यास सांगण्यात आले. त्या काळात आम्हाला एक फुगा दिला होता. तो तोंडाने न फुगवता एक नाकपुडी बंद करून दुसरीने फुगवायचा असतो, दिवसातून तीनदा, दोन्ही नाकपुड्यांनी. त्या दाबाने नलिका उघडते. इथे चार ते अकरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी फुगा वापरणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या मुलांचा निदान एक कान सुधारला होता, तर न वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांचा. फरक फार मोठा नाही, पण दुष्परिणामही जवळजवळ नाहीत. आमची मुलगी पहिला आठवडा रडली, मग तिला त्याची गंमत वाटू लागली. तिचे पाणी चौथ्या महिन्यात गेले; फुग्याने गेले की आपले आपण गेले हे मी सांगू शकणार नाही.

इथे शस्त्रक्रिया नको असलेल्या मुलांना तात्पुरते श्रवणयंत्रही देतात, कधी डोक्याभोवतीच्या पट्ट्यावर बसवलेले, हाडावाटे ऐकवणारे. भारतात हा पर्याय पालकांसमोर फारसा ठेवला जात नाही असे नातेवाइकांकडून ऐकले.

निवृत्त_कर्णवैद्य (उत्तर)

फुग्याचा उपाय मान्य आहे, फक्त साधा बाजारी फुगा नाकाला लावू नये. यासाठी नाकपुडीत बसणाऱ्या नळीसह मिळणारा खास फुगा असतो. तीव्र सर्दी असताना किंवा कान दुखत असताना तो वापरू नये.

देशावरचा (उत्तर)

मूळ प्रश्न लहान मुलाचा आहे, तरी त्याला जोडून विचारतो. माझे वय ५४ आहे. दोन महिन्यांपासून माझ्या फक्त उजव्या कानात दडा बसला आहे, बोलताना स्वतःचाच आवाज घुमतो. पाणी आहे असे निदान झाले असून मलाही तीन महिने थांबण्यास सांगितले आहे. नाकातून दुर्बीण घालून तपासणी मात्र झालेली नाही. ती आवश्यक आहे का?

निवृत्त_कर्णवैद्य (उत्तर)

आवश्यक आहे, आणि ती याच आठवड्यात करून घ्या. मुलांचा तीन महिन्यांचा नियम तुम्हाला लागू होत नाही. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात, सर्दी किंवा विमानप्रवास असे उघड कारण नसताना पाणी साचले, तर नलिकेच्या घशाकडील तोंडाशी गाठ नाही ना हे दुर्बिणीने पाहिलेच पाहिजे. बहुतेकांत तसे काही निघत नाही. परंतु नाकामागील घशाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण कधी कधी एवढेच असते. ईशान्य भारतात, विशेषतः नागालँडमध्ये, तो इतर भागांच्या तुलनेत जास्त आढळतो. महाराष्ट्रात कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मानेत गाठ लागते का आणि नाकातून रक्त येते का, हेही डॉक्टरांना सांगा.

कृष्णाकाठ (१६ नोव्हेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही विचारले ते तंतोतंत खरे आहे. तो वर्षभरापासून तोंड उघडे ठेवून झोपतो आणि घोरतो. तुमचे उत्तर वाचून काल रात्री मी मुद्दाम जागी राहिले, तेव्हा त्याचा श्वास काही सेकंद थांबून मग तो उसासा टाकून कूस बदलतो असे चार-पाच वेळा दिसले. याचा कानाशी संबंध असेल असे आम्हाला वाटलेच नव्हते आणि डॉक्टरांनाही आम्ही हे सांगितले नव्हते.

निवृत्त_कर्णवैद्य (उत्तर)

मग चित्र बदलते, आणि तुमच्या डॉक्टरांनी घसा व नाक पाहूनच अ‍ॅडिनॉइडचा सल्ला दिला असावा असे मला वाटते. नुसत्या कानासाठी बोलायचे तर चार वर्षांवरील मुलांत ग्रोमेटबरोबर अ‍ॅडिनॉइड काढल्यास पुन्हा ग्रोमेट बसवण्याची वेळ येण्याची शक्यता कमी होते; चार वर्षांखाली नाकाचा त्रास नसेल तर ते काढत नाहीत. तुमच्या मुलात मात्र झोपेतील श्वास अडणे हेच शस्त्रक्रियेचे स्वतंत्र कारण ठरू शकते. झोपेत त्याचा मोबाइलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. शंभर प्रश्नांपेक्षा तो उपयोगी पडतो.

ग्रोमेटविषयी भीती नको, पण भ्रमही नको. ताडपत्रीच्या छिद्राला कडी बसवतात ना, तशीच ही मिलिमीटर-दोन मिलिमीटरची कडी आहे; इंग्रजीतही तो शब्द मुळात जहाजावरच्या दोरखंडाच्या आणि शिडाच्या कडीचाच. पडद्याला छेद देऊन पाणी काढण्याचे प्रयत्न जुने असले तरी छेद काही दिवसांत मिटत असे. १९५४ मध्ये अमेरिकेतील आर्मस्ट्राँग यांनी त्यात प्लॅस्टिकची नळी बसवली आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. कडी आत हवा नेते, म्हणजे बंद पडलेल्या नलिकेचे काम तात्पुरते स्वतः करते. ती सहा ते बारा महिन्यांत पडदा वाढताना आपोआप बाहेर ढकलली जाते. पहिल्या सहा महिन्यांत ऐकण्यातील फायदा स्पष्ट असतो. वर्ष-दीड वर्षाने ग्रोमेट बसवलेल्या आणि न बसवलेल्या मुलांत फारसा फरक राहत नाही, कारण तोवर दुसऱ्यांचेही पाणी गेलेले असते. म्हणजे ग्रोमेटने विकत मिळतो तो मधला काळ, आणि पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी तो काळ मोलाचा आहे की नाही हे तुम्ही ठरवायचे. कान वाहणे हा नेहमीचा त्रास. क्वचित कडी पडल्यावर छिद्र उरते आणि ते नंतर शिवावे लागते.

कृष्णाकाठ (१२ जानेवारी)

ज्यांनी उत्तरे दिली त्यांना पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. व्हिडिओ पाहिल्यावर डॉक्टरांनी अ‍ॅडिनॉइडची शस्त्रक्रिया करायचीच असे सांगितले, पण कानांसाठी डिसेंबरअखेर पुन्हा चाचणी करून मग ठरवू या, हे आमचे म्हणणेही त्यांनी मान्य केले. २६ डिसेंबरच्या चाचणीत डाव्या कानाचा आलेख ‘सी’ झाला होता आणि ऐकणे १८ डेसिबलवर आले होते. उजवा कान ‘बी’च राहिला, ३० डेसिबल. गेल्या सोमवारी भूल देऊन अ‍ॅडिनॉइड काढले आणि फक्त उजव्या कानात ग्रोमेट बसवले. डावीकडे काही केले नाही. उजव्या कानातून निघालेला द्रव खळीसारखा घट्ट होता असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला आणि कुकरच्या शिटीला कान झाकून घेऊन मोठ्याने ओरडला. सासूबाईंनी तेव्हापासून तेलाचा विषय काढलेला नाही.

आता दोन शंका आहेत. त्याला उन्हाळ्यात पोहायला शिकवायचे ठरले होते, ते चालेल का? आणि कान वाहू लागला तर घरी असलेले जुने थेंब वापरावेत का?

निवृत्त_कर्णवैद्य (उत्तर)

क्लोरीन घातलेल्या तलावात वरच्या वर पोहण्यास हरकत नाही, आणि त्यासाठी बोळे घालण्याचा आग्रहही आता सर्वसाधारणपणे धरला जात नाही. खोल सूर मारणे टाळावे. विहीर, नदी आणि शेततळे यांत ग्रोमेट असेपर्यंत त्याला उतरवू नका. आंघोळीच्या वेळी साबणाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा सहज आत शिरते, म्हणून डोके धुताना व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा.

जुने थेंब वापरू नका. अनेक घरांत पडून असलेल्या थेंबांत जेंटामायसिन किंवा निओमायसिन असते, आणि कडीच्या छिद्रातून ते आतील कानापर्यंत पोहोचल्यास ऐकण्याची हानी होऊ शकते. ग्रोमेट असलेला कान वाहिला तर बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे थेंब पुरतात आणि तोंडावाटे प्रतिजैविकाची गरज पडत नाही, पण तेही डॉक्टरांना कान दाखवून आणि वाहिलेले पुसून घेऊनच घालावेत. डाव्या कानाची चाचणी एप्रिलमध्ये पुन्हा करा. ‘सी’ आलेख पुढच्या सर्दीत परत ‘बी’ होऊ शकतो.

देशावरचा (उत्तर)

दुर्बिणीची तपासणी झाली. घशाच्या वरच्या भागात काहीही आढळले नाही आणि सहा आठवड्यांत दडा सुटला.